पिशव्यांचा नेफा

तळ्यातली वेल पायऱ्यांपाशी पोचल्याचं सगळ्यात आधी वस्तादांच्या डाव्या पायाला कळलं. उजव्या पायाला कळणं शक्य नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या पायाला पाण्याचा गारवाही धड समजत नसे. डाव्या घोट्याला काहीतरी मऊ, पिसासारखं लागलं. वस्तादांनी ते पायाच्या बोटांत धरलं, ओढलं, तुटलं तसं सोडून दिलं. मुलीला काही सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे सांगितलं नाही.

मुलगी काठावरच उभी असायची, टॉवेल घेऊन. तिला सगळे ताई म्हणत. तळ्यापासून दोन गल्ल्यांवर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत ती आणि वडील. रोज सकाळी साडेसहाला ती त्यांना चाकांच्या खुर्चीतून तळ्यावर आणायची. पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा एक उतार होता, पूर्वी होड्या पाण्यात सोडण्यासाठी केलेला. तिथे वडिलांना दुसऱ्या, जुन्या गंजक्या खुर्चीत बसवून ताई ती खुर्ची उतारावरून पाण्यात नेई. पाणी कमरेपर्यंत आलं की वस्ताद खुर्चीचे हात धरून उभे राहत आणि लोखंडी कठड्यापासून आतल्या खांबापर्यंत बांधलेला दोर धरून चालू लागत. दोर वीस मीटरचा. जाऊन येऊन चाळीस. घरी वॉकर घेऊन ते पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात. ती अकरा पावलं होत, मग बसावं लागे.

व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाणी यांचं वजन उचलतं. पाण्यात उतरतायत तोवर पाय आहेत, असं समजा."

त्याच पाण्यात वस्तादांनी चाळीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलं होतं. कमरेला दोर बांधायचे, दोराचं दुसरं टोक स्वतःच्या मुठीत ठेवायचे आणि ढकलून द्यायचे. घाबरलेल्याला वर घेताना म्हणायचे, "छातीत हवा आहे तोवर माणूस बुडत नाही. तुझी सगळी डोक्यात गेलीये." पाणीपुरवठा खात्याचे आताचे साहेबही त्यांच्याकडेच शिकले होते आणि पहिल्याच दिवशी रडले होते, हे वस्ताद कोणालाही, न विचारता सांगत.

ताईचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत होता. माणूस वाईट नव्हता. दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "ताई, बाबा पाण्यात चालतायत तोवर राहू देत तिकडे. ते बंद झालं की मी घेऊन जाणार. तू एकटी किती करशील?" त्यात धमकी नव्हती. पण ताईला तारीख दिल्यासारखं वाटायचं, फक्त आकडा कोरा.

वेल आली ती पश्चिमेकडून, नाल्याच्या तोंडाशी. कोणीतरी घरातली माशांची काचेची पेटी तिथे रिकामी केली असावी, असा अंदाज होता. कबूल कोणी केलं नाही. पाण्याखाली वाढणारी, दोऱ्यासारख्या देठाची, देठाभोवती पिसांसारखी पानं असलेली ही वेल. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी तिचं शास्त्रीय नाव फळ्यावर लिहून दाखवलं, पण ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. लोक तिला पिसारा म्हणू लागले. दोन उन्हाळ्यांत पिसारा काठापासून चाळीस पावलं आत गेला. त्यात हात घातला तर हात दिसेनासा व्हायचा.

पाणीपुरवठ्याचे साहेब पाहून गेले. यंत्राचा प्रस्ताव वर पाठवलाय, म्हणाले. औषध मारता येत नाही, कारण हेच पाणी पुढे प्यायला जातं. "पण स्वयंसेवक असतील, तर खात्याची काही हरकत नाही," असं त्यांनी सांगितलं आणि ताईने मागितलं तेव्हा लेखी दिलं. पुढच्या वर्षभरात खात्याकडून मिळालेली ती एकमेव वस्तू.

स्वयंसेवक ताईने गोळा केले. दुकानात पाटी लावली: "रविवारी सकाळी सात. गुडघ्यापर्यंतचे बूट असतील तर आणा. नसतील तरी या." नुसत्या पाटीने चार माणसं आली. मग तिने गिऱ्हाइकांना धरलं. "तुमची पँट मंगळवारी तयार होईल," ती मापाची वही मिटत म्हणायची. "रविवारी तळ्यावर दिसलात तर सोमवारी." तिसऱ्या रविवारी त्रेसष्ट माणसं होती. निवृत्त पोस्टमनकाका हजेरी घ्यायचे. त्यांनी तीस वर्षं याच भागात टपाल वाटलं होतं, त्यामुळे ते माणसांना नावाऐवजी पत्त्याने ओळखायचे. "पिठाच्या गिरणीवरचा दुसरा मजला! उशिरा आलात." किती वेल काढली हे तेच पावलांनी मोजायचे. "टपालातली पावलं आहेत ही," म्हणायचे, "एक कमी नाही, एक जास्त नाही."

पहिल्याच बैठकीत मॅडमनी बोटाचं एक पेर दाखवून सांगितलं होतं, "एवढा तुकडा सुटला तरी तो रुजतो. म्हणून तोडायचं नाही, मुळापासून काढायचं. आणि काढलेलं सगळं, सगळं पाण्याबाहेर जायला हवं."

ताईने ते ऐकलं आणि घरी जाऊन पिशव्या शिवल्या. चाळीस. पाणी निथळेल पण तुकडा निसटणार नाही, अशा बारीक जाळीच्या कापडाच्या. कडा उघडी ठेवली असती तर जाळी उसवली असती आणि तिची टोकं हातांना ओरबाडली असती. म्हणून तिने तोंडाला दुमड घालून, दोन टिपा मारून नेफा केला आणि त्यात नाडी ओवली. नाडी ओढली की तोंड बंद. मॅडमनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. "विकत घेतलेल्या असत्या तर इतक्या चांगल्या मिळाल्या नसत्या," म्हणाल्या. ते खरं होतं. चाळीसपैकी एकही पिशवी शेवटपर्यंत उसवली नाही.

काम संपलं की पिशव्या पश्चिमेच्या काठावर ताडपत्रीवर उलट्या करून झटकत. डोळ्यांना काही दिसेनासं होईपर्यंत झटकत. मग त्या ताईच्या दुकानात मागच्या फळीवर जात. पाचव्या रविवारनंतर एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं.

"ताई, याला वास येतोय."

ताईने हुंगला. तळ्याचा वास होता.

"मुलाखतीला घालायचा होता मला," तो म्हणाला. "समोरच्याने विचारलं असतं, पोहत आलात का?"

तिने कोट धुऊन, इस्त्री करून दिला. सहाव्या रविवारपासून नियम केला: पिशव्या धुतल्याशिवाय दुकानात येणार नाहीत. धुवायच्या कुठे? पश्चिमेला पाणी गढूळ, पाय ठेवायला जागा नाही, आणि तिथला सरकारी नळ वर्षापूर्वीच कोरडा पडलेला. तळ्याभोवती चालून पूर्वेला पायऱ्यांपाशी आलं की स्वच्छ पाणी, बसायला सिमेंट, आणि खुर्चीत वस्ताद, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायला. लोकांना ते आवडायचं. दमलेले सगळे पायऱ्यांवर ओळीने बसत, पिशव्या खळखळून धूत, कोणीतरी थर्मासमधला चहा वाटे. सहाव्या रविवारपासून बाविसाव्यापर्यंत, म्हणजे सतरा वेळा.

बाविसाव्या रविवारी हजेरी सतरावर आली होती, पण पश्चिमेचा पिसाराही चाळीस पावलांवरून चौदावर आला होता. शहराच्या वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात साहेब पुढे होते, आणि त्यांच्या खांद्यामागे ताईचं अर्धं कपाळ.

त्याच दिवशी पोस्टमनकाका तिसऱ्या पायरीवर गुडघे टेकून पिशवी धूत होते. त्यांचा हात थांबला.

"ताई, ही इथे कोणी लावली?"

पायरीच्या कडेला, पाण्याखाली, हिरवी पिसं हलत होती. एक नव्हे. पायरीच्या लांबीने, जिथे जिथे माणसं बसून पिशव्या धूत, तिथे तिथे एकेक. आत दोराखाली तर वाफा केल्यासारखी दाट. मॅडम पालथ्या पडल्या, बाही वर करून खांद्यापर्यंत हात घातला आणि एक रोप सोडवून आणलं. पांढरी मुळं बोटभर होती.

"दोन-तीन महिन्यांची आहेत," त्या म्हणाल्या.

"वाऱ्याने आली असतील," कोणीतरी म्हणालं.

"बदकांनी आणली," पोस्टमनकाका म्हणाले. "बदकांची मी हजेरी घेत नाही ना." कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी ओली पिशवी पिळली आणि पुन्हा पिळली.

ताई वडिलांकडे पाहत होती. वस्ताद समोर पाहत होते.

"बाबा, तुम्हाला पायाला लागलं नाही कधी?"

"लागलं की."

"कधी?"

"झाले तीन आठवडे." ते पायाकडे बघत म्हणाले, "मी काढत होतो गं. रोज. बोटांत धरून उपटत होतो जमेल तेवढी. तुला कशाला सांगायचं? तू लगेच धाकट्याला फोन केला असतास, आणि तो गाडी घेऊन आला असता."

पायाच्या बोटांनी तोडलेला एकेक तुकडा पुन्हा कुठे रुजला असेल, हे मॅडमना कळलं होतं, ताईलाही कळलं. वस्तादांना कोणी सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. एका पिशवीची नाडी तुटली होती, ती बदलायला ताईने नेफ्याची एक टीप उसवली आणि नाडी ओढली. नाडीबरोबर हिरवं काहीतरी बाहेर आलं. पेरापेक्षा लहान, चपटं झालेलं, पण हिरवं. तिने ते कापायच्या टेबलावर ठेवलं. मग नेफा पूर्ण उसवला. आत आणखी तीन होते. दुहेरी कापडाच्या घडीत ओल राहते, हे शिवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. पावसात भिजलेल्या पँटचं कमरेची शिवण सगळ्यात शेवटी वाळते. जाळीला धरून राहिलेले तुकडे झटकताना खाली पडत नव्हते, तोंडाकडे सरकून नेफ्यात शिरत होते. आणि पायऱ्यांवर कोणी खळखळून धुतलं, की नाडीच्या भोकातून बाहेर पडत होते.

तिने चाळीसही नेफे उसवले. एकतीस पिशव्यांत तुकडे निघाले. पहिले चार तुकडे तिने काचेच्या ग्लासात पाणी घालून खिडकीत ठेवले. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित ते मेलेले निघावेत म्हणून. शनिवारी सकाळी त्यांतल्या तीन तुकड्यांना पांढरं मूळ फुटलं होतं.

रविवारी तिने ग्लास तळ्यावर नेला आणि चौदा माणसांपुढे सगळं सांगितलं. पाठ केल्यासारखं, क्रमाने: जाळी, नेफा, वास, धुणं, पायऱ्या. बोलून झाल्यावर ती लोकांच्या रागावण्याची वाट पाहत उभी राहिली.

"असू द्या हो ताई," गिरणीवरचा दुसरा मजला म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंत?"

"धुतल्या तर आम्हीच," एक बाई म्हणाली. "मीच तर घासून घासून धूत होते."

पोस्टमनकाकांनी ग्लास हातात घेऊन डोळ्यांसमोर धरला. "तीस वर्षांत माझं एक पत्र चुकीच्या घरी गेलं नाही," ते म्हणाले, "आणि हे बघा. सतरा वेळा. पोचपावतीसकट."

कोणी रागावलं नाही. तिला त्याचा आधार वाटायला हवा होता, तो वाटला नाही. कोणी रागावलं असतं, तर निदान वाद घालता आला असता.

"मी म्हणाले होते, सामान धुऊन वाळवूनच दुसऱ्या पाण्यात न्या," मॅडम म्हणाल्या. "दुसरं पाणी म्हणजे दुसरं तळं, असंच माझ्याही डोक्यात होतं. याच तळ्याचं दुसरं टोक मला सुचलं नाही." मग त्यांनी उपाय सांगितला. पायऱ्यांपाशी हाताने काढण्यात अर्थ नव्हता, तुकडे वाढले असते. तळावर जाड काळं कापड अंथरायचं. उजेड बंद झाला की पिसारा मरतो. दहा आठवडे लागतात.

"आणि दहा आठवडे तिथे कोणी उतरायचं नाही," त्या म्हणाल्या. "कापड हललं तर सगळं फुकट."

ताईने विचारलं, "दुसरीकडे कुठे उतार आहे?" आणि विचारतानाच तिला उत्तर माहीत होतं. तळ्याला उतार एकच होता. बाकी काठ एकतर उभा, नाहीतर चिखलाचा.

"नाही झाकलं तर?"

"दोन महिन्यांत दोर दिसणार नाही. पाय अडकतील. त्यांच्यासारख्या माणसाला तर..." मॅडम म्हणाल्या.

घरी वस्ताद पलंगावर बसून ऐकत होते. ताईने सगळं सांगितलं, फक्त पायाच्या बोटांचं सोडून.

"मग झाका," ते म्हणाले.

"दहा आठवडे, बाबा. घरात अकरा पावलं चालता तुम्ही."

"मोजतेस काय? मला माहितीय."

"डॉक्टरीणबाई म्हणतात..."

"त्या म्हणतात ते मला म्हणून झालंय. नाही झाकलं तरी दोन महिन्यांनी बंदच की. मग नंतर मोकळं होईल ते बरं का कधीच होणार नाही ते बरं?" त्यांनी डाव्या हाताने उजवा पाय उचलून सरळ ठेवला, वस्तू ठेवावी तसा. "धाकट्याला फोन लाव. मीच बोलतो."

धाकट्याने वस्तादांचं सगळं ऐकलं आणि फोन ताईकडे द्यायला सांगितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. दहा आठवडे माझ्याकडे राहू देत. तळं मोकळं झालं की मी स्वतः आणून सोडतो. शब्द देतो, ताई." त्याच्या इमारतीत पोहण्याचा तलाव होता. ताईने त्याचं विचारलं. त्यात उतरायला फक्त उभी शिडी होती, आणि पाटीवर आजारी माणसांना मनाई होती.

कापड ताईनेच शिवलं. पंचवीस मीटर लांब, आठ मीटर रुंद, सहा पट्ट्या जोडून. दुकानाच्या मशीनखाली ते मावेना, म्हणून पोस्टमनकाका आणि आणखी दोघं फुटपाथवर ते धरून उभे राहिले आणि ती आत पाय चालवत राहिली. मॅडम म्हणाल्या, काठाला नेफा करून त्यात साखळी घातली तर कापड जागेवर बसेल.

"नेफा नको," ताई म्हणाली. "दगड ठेवू."

अंथरायच्या दिवशी वस्ताद काठावर खुर्चीत होते. खाली पाण्यात नऊ जण. त्यातले सात त्यांच्याकडेच पोहायला शिकलेले.

"मधून धरू नका! कडेने, कडेने! अरे, श्वास सोडा आधी, मग खाली जा. हवा भरून खाली जायला निघालायस, फुगा आहेस का तू? ए गिरणीवाल्या, तुला शिकवलं तेव्हाही तू असाच उलटा जायचास!"

दोन तास ते ओरडत होते. कापड एकही सुरकुती न पडता बसलं. वर दोर तसाच होता, कठड्यापासून खांबापर्यंत. कापडामुळे तळ काळा झाला, आणि पाणी होतं त्यापेक्षा खोल दिसू लागलं. वस्तादांचा आवाज बसला होता. दुपारी धाकटा गाडी घेऊन आला. वॉकर मागच्या सीटवर आडवा ठेवताना त्याच्या रबराच्या टोपणातून वाळू सांडली, ती त्याने हाताने झाडली नाही.

पश्चिमेचं काम चालूच राहिलं. पिशव्यांना आता नेफा नव्हता. तोंडाला दोरी गुंडाळत, आणि धुणं काठापासून लांब रस्त्याकडेला बादलीत होई. जाळीच्या उघड्या कडा हातांना ओरबाडत. बारा जण येत, मग दहा. तोंडं बांधूनही कुठून कुठे तुकडे जात होते कोण जाणे; उत्तरेकडच्या काठाला नवे पुंजके दिसले, जिथे ना पिशवी गेली होती ना माणूस. पोस्टमनकाकांनी पावलं मोजायचं थांबवलं. हजेरीही ते आता तोंडी घेत नसत, नुसती नजर फिरवत.

रविवारचा फोन मात्र चुकला नाही. पहिल्या रविवारी वस्ताद दहा पावलं चालले होते. तिसऱ्या रविवारी सात. "फरशी गुळगुळीत आहे इथली," ते म्हणाले. पाचव्या रविवारी चार. सहाव्या रविवारी त्यांनी पावलांचा विषय काढला नाही, ताईनेही नाही. ते तळ्याबद्दल विचारायचे. दगड सरकले नाहीत ना? कोणी पोरंटोरं उतरत नाहीत ना? साहेबांना सांग, पाटी लाव म्हणावं, रडूबाईला.

दहाव्या आठवड्यात शनिवारी दुपारी धाकट्याचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून ताईने शिवण सोडून उचलला.

"ताई, मंगळवारपासून बाबा उभेच राहत नाहीयेत. धरलं तरी गुडघा वाकतो. डॉक्टर येऊन गेले. प्रवास नको म्हणाले."

"किती दिवस नको?"

"तसं नाही म्हणाले ते." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी शब्द दिला होता तुला. मला माहितीय."

मागून आवाज आला, "कोण, ताई आहे? दे इकडे." आणि मग जवळून, बसलेला, पण तोच: "उद्या काढणार ना? सकाळच्या पहिल्या उजेडात काढा, वारा नसतो. कडेने सुरुवात करा, मधून उचललं तर गाळ उठेल. तळ दिसला की मला फोन कर. आधी मला, मग बाकीच्यांना."

"हो बाबा."

रविवारी नऊ जण आले. दगड बाजूला केले, कापड कडेने गुंडाळत दोराच्या बरोबर खालपर्यंत आणलं. गाळ थोडा उठला आणि बसला. खाली तळ होता. पिसारा नव्हता, त्याच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा करडा थर, हात लावला की विरघळणारा. सिमेंटचा उतार शेवटपर्यंत दिसत होता, त्यावरच्या आडव्या रेघांसकट.

"पूर्ण मेलाय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि त्यांनी तो लपवायचा प्रयत्न केला नाही. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि कापडाच्या बाहेर पाहू लागल्या. तिन्ही बाजूंनी पिसारा कापडाच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता, भिंतीसारखा. "आता ठरवायला हवं. कापड काढलं तर महिन्याभरात बाजूने आत येईल. दर दोन दिवसांनी कडा हाताने साफ ठेवाव्या लागतील. रोज कोणी उतरणार असेल, तर ते करण्यात अर्थ आहे. नाहीतर कापड राहिलेलं बरं, निदान एवढा तुकडा मेलेला राहील." त्यांनी ताईकडे पाहिलं. त्यांना फोनचं काही माहीत नव्हतं. "इथे कोणी उतरणार आहे का?"

पोस्टमनकाकांना माहीत होतं. ते दगड उचलायच्या निमित्ताने खाली वाकले.

"नाही," ताई म्हणाली.

"मग परत अंथरू?"

"अंथरा."

त्यांनी कापड परत पसरायला घेतलं. आज ओरडणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मध्ये दोन सुरकुत्या राहिल्या. पोस्टमनकाकांनी दोराकडे बोट केलं. "हा?"

ताईने एप्रनच्या खिशातून धागे कापायची कात्री काढली, मग परत ठेवली आणि कठड्याची गाठ हाताने सोडवून पाहिली. वस्तादांनी बांधलेली गाठ पाण्याने फुगून दगडासारखी झाली होती. नखं आत जाईनात. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ती एका हाताने दोर धरून होती, दुसऱ्याने तिने उचलला.

"दिसला का तळ?"

"दिसला, बाबा."

"गाळ?"

"बसला. उतार शेवटपर्यंत दिसतोय. रेघासुद्धा."

"बघ. मी म्हणालो नव्हतो?" त्यांना दम लागला होता, ते थोडा वेळ नुसतेच श्वास घेत राहिले. मागे पाण्यात कोणीतरी एक दगड सोडला, मग दुसरा. "काय वाजतंय?"

"दगड आहेत. आवरतोय आम्ही."

"बरं. दोर तपासून ठेव. कठड्याकडची गाठ सैल होते, दर वेळी बघावी लागते."

ताईने गाठीवरचा हात तसाच ठेवला.

"घट्ट आहे," ती म्हणाली.